वेल्ड कुणी टाकला, ते सांगा

"आकडा सॉफ्टवेअरने काढलाय, साहेब. त्यात आमचा हात नाही."

रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. कोटेशनवर बोलायला बोलावणं येतं. समोरचा तरुण इंजिनिअर लॅपटॉप आपल्याकडे वळवतो. पडद्यावर आपल्याच जॉबचं रंगीत चित्र असतं, त्याखाली एक रक्कम असते, आणि ती आपल्या कोटेशनपेक्षा बरीच खाली असते. आपण विचारतो, एवढा फरक कुठून आला? तेव्हा हे वाक्य येतं. ते अशा सुरात येतं की पुढे बोलणाराच अडाणी ठरावा. यंत्राशी कोण भांडणार?

माझं म्हणणं असं आहे की भांडावं. कारण हे वाक्य खरं नाही, आणि वेल्डिंगच्या बाबतीत तर ते साफ खोटं आहे. ज्या एका गोष्टीत सॉफ्टवेअरचं काहीच चालत नाही आणि सगळं माणसाच्या हातावर अवलंबून असतं, नेमक्या तिथेच "आमचा हात नाही" असं सांगितलं जातं.

या सॉफ्टवेअरला काय दिसतं ते आधी पाहू. त्रिमितीय मॉडेल दिलं की त्याला पत्र्याची जाडी दिसते, कापायच्या कडेची लांबी दिसते, भोकं मोजता येतात, बेंड किती ते कळतं. लेझरवर किती वेळ जाईल, प्रेसब्रेकवर किती ठोके बसतील, हे ते बऱ्यापैकी नेमकं सांगतं. त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही, आणि जे घालतात ते बहुधा आपलं जुनं यंत्र झाकायला घालतात. पण वेल्ड? तो मॉडेलमध्ये बहुतेक वेळा नसतोच. डिझाइन करणारा दोन प्लेटा एकमेकींना टेकवतो आणि पुढे जातो. वेल्डचा मणी काढत बसलं तर फाइल जड होते, आणि ड्रॉइंगवर बाण काढून खूण केली की त्याचं काम भागतं. मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना तर काढलेले वेल्डही गळून पडतात. म्हणून खर्च काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय दिलेली असते : कोणते दोन भाग जोडायचे ते निवडा, वेल्डचा प्रकार सांगा, माप सांगा, लांबी सांगा, एका बाजूने की दोन्ही बाजूंनी ते सांगा, प्रक्रिया सांगा. याचं नाव व्हर्च्युअल वेल्ड. म्हणजे खर्चाच्या हिशेबातला प्रत्येक वेल्ड खुर्चीवर बसलेल्या कुणीतरी हाताने टाकलेला असतो. त्याने टाकलाच नाही, तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो जॉब म्हणजे सुट्या प्लेटांचा ढीग, आणि वेल्डिंगचा खर्च शून्य.

सोय चांगली आहे. मी तिच्या विरोधात लिहीत नाही. तिच्या आडून जो खोटा भरवसा दिला जातो, त्याच्या विरोधात लिहितो आहे.

उदाहरण घेऊ, आणि तेही साधं. समजा, २०० किलो वजनाचा स्टीलचा पॅलेट आहे. मोटारींचे सुटे भाग ठेवायला असे पॅलेट लागतात आणि ते करणाऱ्या शॉप नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यात एकूण १८ मीटर वेल्ड आहे, ५ मिमीचा फिलेट. फिलेट म्हणजे काटकोनी त्रिकोण. त्याचा पाय ५ मिमी धरला तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमी, आणि मीटरला साधारण ९८ ग्रॅम धातू पडतो. अठरा मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास. शॉपमध्ये ज्याला सगळे सीओटू म्हणतात, त्या वेल्डिंगने तासाला ३ किलो धातू पडतो असं धरू. म्हणजे आर्क पेटलेला असतो तो वेळ सुमारे ३५ मिनिटं.

इथपर्यंत गणित आहे. पुढे माणूस आहे. वेल्डर काही ३५ मिनिटं सलग आर्क पेटवून बसत नाही. भाग जुळवायचे, टाके मारायचे, जॉब उलटायचा, क्रेन मोकळी होण्याची वाट पाहायची, चिकटलेले थेंब काढायचे, टॉर्चची टिप बदलायची. हाताने चालणाऱ्या कामात एकूण वेळाच्या तीस टक्के वेळ आर्क पेटलेला असला तर शॉप बरं चाललंय असं समजतात. त्या हिशेबाने हा पॅलेट दोन तासांचा. आता सॉफ्टवेअरमध्ये त्या एका रकान्यात ३० ऐवजी ६० भरा. तेवढा आर्क रोबोला मिळतो, पॅलेट फिरवून देणारं पोझिशनर आणि पक्कं फिक्स्चर असेल तर. रकाना भरला की पॅलेट एका तासाचा झाला. सणसवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये काहीही बदललं नाही, वेल्डर तोच आहे, पण खरेदीदाराच्या लॅपटॉपवर त्याचा वेग दुप्पट झाला.

दुसरा रकाना मापाचा. वेल्डचं माप सांगायच्या दोन पद्धती जगात चालतात. एकीत त्रिकोणाचा पाय मोजतात, दुसरीत त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून कर्णापर्यंतची जाडी, म्हणजे थ्रोट. आयएसओच्या ड्रॉइंगवर मापाआधी 'झेड' असेल तर पाय आणि 'ए' असेल तर थ्रोट. अमेरिकन ड्रॉइंगवर साधा आकडा म्हणजे पाय. आपल्याकडे खुणांसाठी आयएस ८१३ आहे, पण रांजणगावच्या वसाहतीत मोटार इटलीच्या घराण्याची, एक फ्रिज कोरियाचा आणि दुसरा अमेरिकेच्या नावाचा बनतो. तेव्हा शॉपच्या टेबलावर कोणत्या देशाच्या रिवाजाचं ड्रॉइंग येऊन पडेल ते सांगता येत नाही. 'ए ५' वाचून ५ मिमीचा पाय भरला तर क्षेत्रफळ साडेबारा. खरं क्षेत्रफळ पंचवीस. बरोबर दुप्पट. म्हणजे त्याच पॅलेटला ३५ मिनिटांऐवजी ७० मिनिटं आर्क लागतो आणि हातच्या कामाला चार तास.

तासाचा दर मजुरी, तार, गॅस, वीज, यंत्र सगळं धरून ४०० रुपये समजा. एक अक्षर आणि एक टक्केवारी इतकाच बदल, आणि वेल्डिंगचा खर्च ४०० रुपयांपासून १६०० रुपयांपर्यंत कुठेही नेता येतो. किलोमागे २ रुपयांपासून ८ रुपयांपर्यंत. जिथे रुपया-दीड रुपयासाठी तासभर घासाघीस चालते, तिथे हा फरक म्हणजे धंदा राहणं आणि बुडणं यांतला फरक आहे. यातला कोणता आकडा सॉफ्टवेअरने 'काढला'? सगळेच सारख्याच निष्ठेने काढले. त्याला जे सांगितलं ते त्याने गुणून दिलं.

तुटक वेल्डचीही तीच गत. ५० मिमी लांबी आणि पुढे १०० असा आकडा असेल, तर अमेरिकन रिवाजात तो १०० म्हणजे एका तुकड्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. अर्धी कड वेल्ड झाली. आयएसओच्या रिवाजात कंसातला १०० म्हणजे दोन तुकड्यांमधली मोकळी जागा. एक तृतीयांश कड वेल्ड झाली. आणि घाईत असलेला इंजिनिअर दोन्ही सोडून पूर्ण कड निवडतो तेव्हा खर्च उलट फुगतो. अशा वेळी आपल्यातलं कुणीही "साहेब, वेल्ड जास्त पडलाय" म्हणून हात वर करत नाही, हेही मान्य करून टाकू.

आता समोरच्यांचा दुसरा युक्तिवाद. तो पहिल्यापेक्षा शहाणा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. ते म्हणतात : "आमचा आकडा चुकीचा वाटतो ना? मग सिद्ध करा. तुमचा हिशेब मांडा. तुम्ही तो मांडत नाही, कारण तुमच्या कोटेशनमध्ये वेल्डिंग या एका शब्दाखाली नफा, आळस आणि मागच्या जॉबचा तोटा असं सगळं दडवलेलं असतं."

यात खोटं फार थोडं आहे. शिरूर काय आणि दौंड काय, आपल्याकडच्या बहुतेक शॉप आजही किलोवर भाव देतात. पाटस असो, न्हावरे असो, साखर कारखान्याच्या परिसरात उसाच्या ट्रेलरची आणि दुरुस्तीची कामं करत ज्यांनी धंदा उभा केला त्यांचा हात किलोवरच बसलेला आहे. मटेरियल एवढं, लेबर किलोला एवढं, रंग वेगळा. ट्रेलरला हे चालून जायचं, कारण वर्षानुवर्षं एकच ट्रेलर होत होता आणि किलोत वेल्ड किती येतो ते अंगवळणी पडलं होतं. पण २०० किलोचे दोन जॉब घ्या. एक १६ मिमीच्या जाड प्लेटांचा, त्यात वेल्ड जेमतेम ४ मीटर. दुसरा ३ मिमी पत्र्याचा आणि बारीक ट्यूबचा, त्यात वेल्ड ४० मीटर. दोन्हींना एकच भाव दिला, तर पहिल्यात गिऱ्हाईक लुटलं गेलं आणि दुसऱ्यात आपण. आणि बाजार असा आहे की पहिला जॉब दुसऱ्या कुणाला तरी जातो आणि दुसरा नेमका आपल्या गळ्यात पडतो. किलोच्या भावाने चालणारी शॉप अशी आपोआप तोट्याचीच कामं गोळा करत जाते. मालकाला वाटतं मंदी आहे. आपल्यातली काही ज्येष्ठ मंडळी "चाळीस वर्षं नजरेने भाव दिले, यांचं यंत्र कशाला हवं" असं म्हणतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण यंत्राशी भांडायला ती नजर पुरत नाही. नजरेला रकाने नसतात, त्यामुळे ती कुठे चुकली ते दाखवता येत नाही.

तरीही "सिद्ध करा" या आव्हानात एक लबाडी आहे. सिद्ध कशाच्या समोर करायचं? आम्हाला फक्त एकूण रक्कम दाखवली जाते. त्यामागे किती वेल्ड टाकले, कोणत्या कडांवर, कोणत्या मापाचे, आर्कचं प्रमाण काय धरलं, हे विचारलं की "ते अंतर्गत आहे" असं उत्तर मिळतं. आमच्या कोटेशनची चिरफाड पंधरा ओळींत मागायची आणि आपली फक्त बेरीज दाखवायची, ही झडती झाली. तिला वाटाघाट म्हणता येत नाही.

'हा माल किती पैशांत व्हायला हवा' हे गिऱ्हाइकाने स्वतः मोजून काढायची पद्धत आली कुठून, ते इथे सांगण्यासारखं आहे. १९६७ साली अमेरिकी नौदलाने प्रॅट अँड व्हिट्नी कंपनीच्या टीएफ-३० विमान इंजिनाच्या किमतीची अशी छाननी केली आणि ती या पद्धतीची पहिली मोठी केस मानली जाते. इंजिन देणारी कंपनी बलाढ्य होती, इंजिन दुसरीकडे मिळत नव्हतं, आणि सरकारला सांगेल ती किंमत मोजावी लागत होती. अशा वेळी गिऱ्हाइकाने कारखान्यात माणसं पाठवून, काम पाहून, तास मोजून खर्च काढला. हत्यार होतं ते एका मिरासदाराविरुद्ध अडलेल्या गिऱ्हाइकाचं. आज तेच हत्यार कुणाच्या हातात आहे? ज्याच्याकडे दहा पुरवठादार रांगेत उभे आहेत त्याच्या. आणि रोखलंय कुणावर? ज्याच्याकडे बारा वेल्डर आणि एक ओव्हरहेड क्रेन आहे त्याच्यावर. शिवाय मूळ पद्धतीतला कष्टाचा भाग, कारखान्यात जाऊन पाहण्याचा, तेवढा वगळला गेला. चाकण किंवा बंगळूरच्या काचेच्या इमारतीत बसून ढोकसांगवीच्या शेडमधला आर्क किती टक्के पेटतो ते भरायचं, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल मी कुठेच कुणाला बोलताना ऐकत नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक सर्वसाधारण टीप असते : अन्यथा नमूद नसल्यास ६ मिमी फिलेट, सर्व बाजूंनी. डिझाइन करणाऱ्याने ती जुन्या ड्रॉइंगवरून उचललेली असते. खर्च काढणाऱ्या इंजिनिअरला कळतं की ५ मिमी पत्र्याला एवढा वेल्ड नको. तो व्हर्च्युअल वेल्ड ४ मिमीचा टाकतो, तोही तुटक. तांत्रिकदृष्ट्या कदाचित त्याचंच बरोबर असेल. आयएस ८०० प्रमाणे १० मिमीपर्यंतच्या जाडीला कमीत कमी ३ मिमी वेल्ड पुरतो, बाकी भार किती त्यावर. खर्च उतरतो, रक्कम आपल्यासमोर येते, आपण कुरकुरत मान्य करतो. मग माल तयार होऊन जातो आणि गेटवर तपासणी करणारा माणूस ड्रॉइंग हातात घेऊन वेल्ड गेज लावतो. त्याच्या हातातल्या कागदावर ६ आहे आणि सर्व बाजूंनी आहे. माल परत.

४ मिमीचं क्षेत्रफळ ८ चौरस मिमी, ६ मिमीचं १८. म्हणजे पैसे आठाचे दिले आणि धातू अठराचा मागितला. दोन्ही आकडे एकाच कंपनीचे, दोन मजल्यांवर बसलेल्या दोन माणसांचे. त्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही आणि मधल्या फरकाचे पैसे शॉपने भरायचे, अशी ही सोयीची रचना आहे. कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. मुद्दाम न करता इतकं सोयीचं होत असेल, तर ते दुरुस्त करायची घाई कुणाला असणार? व्हर्च्युअल वेल्ड ४ मिमीचा असेल तर ड्रॉइंग बदला. ड्रॉइंग बदलायला डिझाइन विभाग तयार नसेल तर वेल्ड ६ चा टाका. तिसरा मार्ग नाही.

मॉडेलमध्ये दोन भागांतली फट नेहमी शून्य असते, हाही एक गोड गैरसमज. गॅस कटिंगने कापलेल्या, थोड्या वाकलेल्या प्लेटा जुळवताना ३ मिमी फट सहज राहते. अमेरिकन डी १.१ संहितेत फट मर्यादेबाहेर गेली की फटीइतका वेल्डचा पाय वाढवायचा नियम आहे. ६ चे ९ झाले की धातू दुपटीच्या वर जातो. यात दोष कुणाचा? प्लेट आम्ही कापली असेल तर आमचा, आणि त्याचे पैसे मागायचा आम्हाला अधिकार नाही. प्लेट कापून तुम्ही पाठवली असेल तर तुमचा. नुसत्या जॉबवर्कच्या कामांत हा दुसरा प्रकार सर्रास असतो आणि व्हर्च्युअल वेल्डच्या रकान्यांत तो मांडायला जागाच नसते, म्हणून तो नाहीच असं धरलं जातं.

रांजणगावहून न्हावरे-चौफुला रस्त्याने खाली सोलापूर रस्त्याला लागून कुरकुंभला गेलं की हा सगळा वाद आणखी उघडा पडतो. तिथे रसायनं आणि औषधांचे कारखाने. तिथल्या शॉपमध्ये पॅलेट नाही, स्टेनलेसच्या टाक्या, रिअ‍ॅक्टर आणि पाइपलाइन होतात. सीओटूपेक्षा तिथे आर्गन, म्हणजे टिग वेल्डिंग, जास्त चालतं. ३१६ एल च्या पाइपला आर्गनने रूट मारताना आतूनही आर्गन सोडावा लागतो, नाहीतर वेल्डची आतली बाजू काळवंडते आणि गंजाला वाट मिळते. नंतर डाय पेनिट्रंट, सांगितली असेल तर रेडिओग्राफी, मग पिकलिंग-पॅसिव्हेशन, मग पाण्याने दाबचाचणी. हे करणारा वेल्डर चाचणी दिलेला लागतो. सिक्स-जी पोझिशनमध्ये पास झालेल्या वेल्डरला कुरकुंभमध्ये काय हजेरी द्यावी लागते ते तिथल्या मालकांना विचारा, आणि तो ऐन वेळी दुसऱ्या शटडाउनला निघून गेला की काय होतं तेही विचारा. व्हर्च्युअल वेल्डच्या यादीत हे सगळं 'टिग, २ मीटर, ३ मिमी' अशा एका ओळीत बसवलेलं मी पाहिलं आहे. ओळ चुकीची नाही. पण त्या दोन मीटरला आर्क लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामांना लागतो.

दाबपात्रांमध्ये तर वेल्डचा निर्णय वेल्डपुरता राहतच नाही. एएसएमईच्या संहितेत दोन्ही बाजूंनी केलेल्या बट जोडाची पूर्ण रेडिओग्राफी केली तर जोडाची क्षमता १ धरतात, ठिकठिकाणी केली तर ०.८५, अजिबात नाही केली तर ०.७०. हा आकडा जाडीच्या सूत्रात भागाकाराला बसतो. रेडिओग्राफीचे पैसे वाचवले की पत्र्याची हिशेबी जाडी चाळीस टक्क्यांहून जास्त वाढते, आणि स्टेनलेसचा भाव पाहता ती बचत कुणाच्या अंगावर येते ते सांगायला नको. खर्च काढताना वेल्ड शेवटी, सगळं ठरल्यावर, 'अ‍ॅड' करायची गोष्ट आहे अशी जी सवय झाली आहे, ती इथे पार उताणी पडते. वेल्ड आधी ठरतो आणि वजन त्यामागून येतं.

शिवाय टाकलेले वेल्ड सांभाळावेही लागतात, आणि तिथे तर सगळा आनंद आहे. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती आली, एक ब्रॅकेट १२० मिमीने लांबलं. मॉडेल बदललं, पण हाताने टाकलेला वेल्ड जुन्याच लांबीचा राहिला, किंवा ज्या कडेला तो बांधला होता ती कडच गेल्याने तो गळून पडला. कुणी पाहिलं? तसंच, एकच उपजोड (सब-असेंब्ली) वरच्या जोडात चार वेळा येत असेल आणि वेल्ड उपजोडात टाकला असेल, तर तो आपोआप चारदा मोजला जातो. तोच वेल्ड वरच्या पातळीवर टाकला, तर एकदाच. दोन्हीकडे टाकला तर पाचदा. पडद्यावरच्या रंगीत चित्रात यातलं काही दिसत नाही. यादी उघडून ओळीनिशी पाहिलं तरच दिसतं. यादीत वेल्डला नाव दिलेलं नसतं, 'वेल्ड १', 'वेल्ड २', 'वेल्ड २ कॉपी' असं असतं. ज्या मुलाने ती केली तो सहा महिन्यांत नोकरी बदलून गेलेला असतो आणि त्याच्या जागी आलेला त्याच फाइलवरून पुढच्या वर्षाचा दर काढतो. हाच तो माणसाचा हात नसलेला आकडा!

मग आमचं मागणं काय? सॉफ्टवेअर बंद करा, असं नाही. उलट ते असावं, आणि शॉपमध्येही असावं. परवडत नसेल तर साध्या एक्सेलमध्ये असावं. मागणं एवढंच आहे की चौकशीच्या ड्रॉइंगबरोबर तुमची वेल्डयादी द्या. वेल्डचा क्रमांक, कोणते दोन भाग, प्रकार, माप आणि ते पाय की थ्रोट, लांबी, तुटक असेल तर कसा, प्रक्रिया, धरलेलं आर्कचं प्रमाण, वेल्डनंतरची कामं, ड्रॉइंगची कोणती आवृत्ती. आणि शेवटी यादी कुणी केली त्याचं नाव. दर देऊ नका, ताशी मजुरी किती धरली ते सांगू नका, नफा किती ठेवला तेही सांगू नका. तुमची झाकली मूठ सव्वा लाखाची राहू द्या.

यावर येणारी हरकत ठाऊक आहे. "यादी दिली की पुरवठादार फक्त कमी पडलेले वेल्ड दाखवतील, जास्त पडलेले दाखवणार नाहीत." दाखवणार नाहीत, खरं आहे. पण तुमच्याकडे दहा कोटेशन येतात. दहाही जणांनी ज्या ओळीवर बोट ठेवलं ती ओळ चुकली आहे हे तुम्हाला फुकटात कळतं, आणि ज्या ओळीवर कुणीच बोललं नाही तिथे तुम्ही जास्त पैसे देताय का ते तपासायलाही तुम्ही मोकळे. आज तुम्हाला दहा रकमा मिळतात आणि त्यातली सगळ्यात खालची कोणती एवढंच कळतं. ती खालची रक्कम देणाऱ्याने वेल्ड मोजलेच नसतील, तर तो तिसऱ्या महिन्यात हात वर करतो आणि तुमची लाइन उभी राहते.

दुसरी हरकत, गुपिताची. वेल्ड कुठे आहे हे ड्रॉइंगवर आहेच, नाहीतर आम्ही तो करणार कसा? ज्याला वस्तू बनवायची आहे त्याच्यापासून वस्तू कशी जोडली आहे हे लपवता येत नाही. लपतो तो फक्त तुम्ही हिशेबात धरलेला वेल्ड आणि ड्रॉइंगवरचा वेल्ड यांतला फरक.

आपल्या बाजूने सुरुवात करायला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नाही. पुढच्या दरकरारापासून कोटेशनच्या मागे आपली वेल्डयादी जोडावी, किलोचा भाव हवा तर तळाशी बेरजेखाली लिहावा. मीटर टेपने वेल्डची लांबी मोजायला एका हेल्परला अर्धा दिवस लागतो. आर्क किती वेळ पेटतो ते मोबाइलच्या घड्याळावर एका पाळीत कळतं, आणि तो आकडा मालकाला बहुधा आवडत नाही. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असं २००६ च्या कायद्यात लिहिलेलं असूनही ते मागायला आपण बिचकतो, तसं इथे बिचकू नये. त्यांनी यादी दिली नाही तरी आपली टेबलावर ठेवावी. चर्चा रकमेवर सुरू झाली तर ती पहिल्या ओळीवर आणावी : वेल्ड क्रमांक १, तळपट्टी आणि उभा खांब, ५ मिमी पाय, दोन्ही बाजू, ३०० मिमी. तुमच्याकडे किती आहे?